शेतात उभी राहिलेली कमांडर: आधी माती, मग गंज, रंग सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९९८ ची महिंद्रा कमांडर, पूर्वी वडापला (शेअर जीप म्हणून) चालायची, गेली सहा वर्षं मोहोळजवळच्या शेतात कडुलिंबाखाली उभी. आता सोलापुरात घरी आणून रविवारी-रविवारी काम करायचं आहे. सुरुवात कुठून करावी आणि रंग कोणता मारावा?

रंगाचा विषय तूर्त बाजूला ठेवा. सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे इथल्या जुन्या गाडीचा वरचा पत्रा कोकणातल्या गाडीपेक्षा बरा दिसतो आणि माणूस तिथेच फसतो. आपल्याकडे गाडी खालून सडते. कारण काळी माती. ती एकदा चासीच्या पोकळीत किंवा बॉडी आणि चासीच्या मधल्या फटीत बसली की ओल धरून ठेवते. पाऊस संपतो, पण आतला लगदा पुढे कितीतरी दिवस ओला राहतो. उसाच्या फडातून, चिखलाच्या रस्त्यावरून वडाप केलेल्या गाडीत हा लगदा किलोने निघतो.

त्याआधी कागद बघा. १९९८ च्या खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी, म्हणजे २०१३ मध्ये संपली. नंतर पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण झालंय का ते आरसीवर दिसेल. परिवहनच्या पोर्टलवर नंबर टाकून थकीत चलन, बँकेचा बोजा, काळ्या यादीची नोंद तपासा. टॅक्सी परवान्यावर असेल तर थकीत कर आणि खासगीत बदल, हे दोन्ही आधी एमएच-१३ च्या, म्हणजे सोलापूर आरटीओच्या कार्यालयात विचारून घ्या. चासी नंबर खरडून साफ करताना तिथे ग्राइंडर अजिबात लावू नका. डिझेल आणि तांब्या-पितळेचा ब्रश एवढंच. नंबर पुसट झाला तर बाकी सगळी मेहनत वाया.

गाडी घरी आणताना ती चालू करून आणायचा मोह टाळा. ब्रेकची खात्री नाही, टाकीतलं डिझेल सहा वर्षांचं. लोडिंगवर टाकून आणा.

माती

माती आधी कोरडी खरवडायची. पाणी मारून सुरुवात केलीत तर काळ्या मातीचं चिकट पीठ होतं आणि ते आणखी आत जातं. लाकडी पट्टी किंवा गवंड्याची जुनी थापी घ्या. चाकांच्या कमानी, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) वरची जागा, टाकीचे पट्टे, मागच्या बाकांखालच्या पेट्या, बॉडी माउंटच्या (बॉडी चासीवर जिथे बोल्टने बसते त्या जागांच्या) भोवती सगळीकडे खरवडा. चासीला तळाशी पाणी निघायला भोकं असतात, ती बहुतेक बुजलेली असतील. आठ मिलिमीटरची सळई घालून मोकळी करा आणि वरच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा मारा. गॉगल लावूनच, सगळं तोंडावर येतं. मग अर्धा तास भिजवून धुवायचं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हा हिशेब आधी करा: खरवडणं नीट झालं असेल तर पाणी निम्म्यात भागतं.

ग्रीस आणि ऑइल बसलेली जागा डिझेल लावून ब्रशने सोडवा, नंतर साबणाच्या पाण्याने धुवा. हे ग्राइंडरच्या आधीच. तेलकट पत्र्यावर वायर ब्रश फिरवला की तेल धातूत घासलं जातं आणि पुढे प्रायमर सालीसारखा सुटतो. प्रेशर वॉशर अल्टरनेटर, सेल्फ आणि डिझेल पंपावर रोखू नका. गरम इंजिनच्या पंपावर गार पाणी तर कधीच नको, पंप जाम होऊ शकतो.

गाडी उचलल्यावर विटांवर ठेवायची नाही. आपली भट्टीची वीट दाबाखाली अचानक फुटते. लोखंडी घोड्या घ्या, त्या चासीखाली लावा, चाकांना गुटके द्या, मगच खाली शिरा.

इंजिन

उभ्या इंजिनला थेट सेल्फ मारला तर चिकटलेल्या रिंगा सिलिंडर ओरबाडतात. चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा (तांब्याचे वॉशर परत बसवताना नवेच), प्रत्येक सिलिंडरमध्ये १० ते १५ मिलिलिटर इंजिन ऑइल सोडा आणि २४ तास थांबा. नंतर क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर जोर करू नका, पुन्हा ऑइल आणि पुन्हा एक दिवस. दोन पूर्ण फेऱ्या मोकळ्या झाल्या की नोझल उघडेच ठेवून सेल्फने फिरवा म्हणजे जास्तीचं ऑइल बाहेर पडेल. तोंड लांब ठेवा. नोझल बाहेर आहेतच तर टेस्टिंगवर दाब आणि फवारा तपासून घ्या, वेगळा खर्च वाचतो.

टाकी उतरवून रिकामी करा. तळाशी पाणी आणि काळा गाळ असणारच. फिल्टर नवे, रबरी पाइप नवे. ऑइल १५डब्ल्यू-४०, साधारण पाच-सहा लिटर लागेल, पण खरा आकडा डीपस्टिकचा. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल घ्या. सिंक्रो रिंगा पितळी असतात आणि काही जीएल-५ ऑइलमधली रसायनं पितळ खातात. डिफरन्शियलमध्ये मात्र ९० नंबरचं जीएल-५ चालतं.

डिझेलच्या नळ्यांतली एअर काढताना आधी डिझेल फिल्टरवरचा बोल्ट सैल करून हातपंप मारा, बुडबुडे थांबले की घट्ट करा. मग नोझलच्या नळ्यांचे नट एकेक सैल करून सेल्फ मारा. दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती.

आणि इथे कोणी सांगत नाही ती गोष्ट: चालू करण्याआधी बंद करण्याची सोय तपासा. स्टॉपची केबल गंजून अडकलेली असते. पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) जाम असेल तर इंजिन स्वतःच पळत सुटतं आणि चावी काढली तरी थांबत नाही. एअर क्लीनरची नळी काढून ठेवा आणि इंजिनात हवा जाते त्या तोंडावर दाबून धरायला जाड सपाट फळी हातात ठेवा. हवा बंद झाली की इंजिन बंद. हाताने किंवा कापडाने झाकू नका.

रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या. बोअरचं जड पाणी घातलेल्या गाडीत नळ्यांमध्ये क्षार दगडासारखे बसतात. पुढे डिस्टिल्ड पाणी आणि कूलंटच. उन्हाळ्यात गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. ती चुकीची आहे. दोष बहुधा रेडिएटरचा असतो, आणि थर्मोस्टॅटशिवाय इंजिन हिवाळ्यात कायम थंड चालून झिजतं. काढलेला असेल तर नवा बसवा.

ब्रेक

इथे काटकसर नको. ड्रम उघडा, चारही चाकांचे व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर बदला, रबरी होज बदला, धातूच्या नळ्यांवर बोटाने चाचपून खड्डे पडलेत का बघा. लायनर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत आले असतील तर नवे. फ्लुइड डॉट-३ किंवा डॉट-४. कोणी ऑइल घालून दिलं असेल तर सगळे रबर फुगलेले सापडतील. एअर काढायचा क्रम लांबून जवळ: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही खोल असो, सहा वर्षं उन्हात उभे राहिलेले टायर बदलायचेच.

वायरिंगबद्दल एवढंच: शेतात उंदीर असतात. प्रत्येक गाठ उघडून बघा, सगळे अर्थ पॉइंट चकचकीत घासा, हेडलाइटला रिले लावा. अर्धे इलेक्ट्रिक दोष अर्थिंगचेच निघतात.

पत्रा

स्क्रूड्रायव्हरचं टोक आणि छोटी हातोडी घेऊन सगळीकडे ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला भद्द. कमांडरमध्ये ठरलेल्या जागा म्हणजे ड्रायव्हरच्या मॅटखालचा पत्रा, पुढच्या काचेच्या चौकटीची खालची कड, मागच्या फाळक्याचा खालचा ओठ, पायरीचे ब्रॅकेट आणि बॉडी माउंटचे पाय. माउंटचे रबर एकाआड एक बदला. सगळे बोल्ट एकदम सोडले तर बॉडी सरकते आणि दारं जुळत नाहीत.

सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा. पत्र्यावर पत्रा मारणारे दुकानदार एका दिवसात काम देतात, पण मधे अडकलेला गंज वर्षा-दोन वर्षांत बाहेर येतो. फ्लोअरला १८ गेज म्हणजे १.२ मिलिमीटर, माउंटच्या जागी १६ गेज म्हणजे १.६. साधं आर्क वेल्डिंग इतक्या पातळ पत्र्याला भोकं पाडतं. ०.८ मिलिमीटर तारेचं मिग मशीन भाड्याने आणा किंवा तेवढ्यापुरता वेल्डर बोलवा. साधारण इंचाइंचावर टाके, तेही समोरासमोर मारत, नाहीतर पत्रा उष्णतेने पापडासारखा वाकडा होतो. वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडा. टाकी जवळ नको. बादलीभर पाणी आणि ओलं पोतं हाताशी हवं. चासीलाच भेग असेल तर घरी हात लावू नका.

वरवरचा गंज ग्राइंडरच्या वायर कपने, मग ८० नंबर पेपरने काढा. खड्ड्यातल्या गंजाला फॉस्फोरिक ॲसिडचं कन्व्हर्टर लावा, पण सावलीत. तापलेल्या पत्र्यावर ते काम करायच्या आत वाळतं. त्याच दिवशी, पत्रा उघडा न ठेवता, टू-पॅक (हार्डनर मिसळून मारायचा) इपॉक्सी प्रायमर. लांबी (पुट्टी) प्रायमरवरच आणि दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नाही. डेंट आधी ठोकून काढा. पुसायला सोलापुरी टॉवेल घेऊ नका, त्याचे तंतू रंगात अडकतात. जुनं धुतलेलं धोतर उत्तम.

चासीला जळकं ऑइल मारायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. धूळ त्यावर बसून पेस्ट होते आणि पाट्यांचे, माउंटचे रबरी बुश फुगतात. बाहेरून इपॉक्सी आणि चासी ब्लॅक, आतल्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स (फवारायचं मेण). अंडरबॉडी कोटिंग फक्त स्वच्छ, कोरड्या धातूवर.

आता रंग

जुन्या रंगावर एनसी थिनरचा बोळा मिनिटभर दाबून धरा. रंग मऊ पडला किंवा सुरकुतला तर तो सिंगल-पॅक, म्हणजे हार्डनरशिवायचा आहे. त्यावर थेट पीयू (हार्डनरवाला पॉलियुरेथेन रंग) मारला तर उकलेल. असा रंग पूर्ण काढा.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. साधा मास्क त्याला पुरत नाही, दम्याचा कायमचा त्रास लागू शकतो. म्हणून प्रायमर आणि घासाईपर्यंत काम घरी, आणि पीयूचा हात अक्कलकोट रोडकडच्या किंवा जवळच्या एखाद्या बूथमध्ये. पूर्ण गाडीला तीन-चार लिटर धरा. सगळं घरीच करायचं असेल तर सिंथेटिक इनॅमल घ्या. चमक कमी, पण शेताच्या गाडीला ओरखडे पडणारच आणि ते ब्रशने बुजवता येतात. मला विचाराल तर कमांडरला हेच शोभतं. आरसीवरच्या रंगापेक्षा वेगळा मारायचा असेल तर आधी आरटीओत नोंद.

पत्रा आणि रंगाचं काम दिवाळी ते होळी या दिवसांत बसवा. एप्रिल-मेमध्ये ४२ अंशांत थिनर हवेतच उडतो, रंग कोरडा पडून खरखरीत होतो आणि दुपारी वळीव धूळ घेऊन येतो. तेव्हाच करावं लागलं तर पहाटे, स्लो थिनर वापरून, अंगण आदल्या रात्री शिंपडून ठेवा. रविवारी-रविवारी धरलं तर पूर्ण काम एका मोसमात मावणार नाही. या वर्षी माती, इंजिन, ब्रेक आणि प्रायमर, पुढच्या दिवाळीनंतर रंग. मधल्या पावसात प्लॅस्टिकची ताडपत्री अंगाला चिकटवून बांधू नका, आत घाम धरतो. वर पत्र्याचा आडोसा आणि चारी बाजूंनी वारा हवा.

रस्त्यावर आल्यावर पहिल्या ५० किलोमीटरनंतर चाकांचे नट आणि पाट्यांचे यू-बोल्ट परत आवळा, ५०० ला पुन्हा एकदा, आणि तेव्हाच इंजिन ऑइल बदलून टाका. पहिलं ऑइल सहा वर्षांचा गाळ घेऊन बाहेर येतं.