‘व्हल्नरेबल’, ‘एक्सपोज्ड’ आणि ‘डिफेन्सलेस’ यांत फरक काय?

शब्दकोशात तिन्हींपुढे ‘असुरक्षित’ दिसतं, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. व्हल्नरेबलच्या मुळाशी लॅटिन ‘वुल्नुस’ आहे, म्हणजे जखम. ज्याला जखम होऊ शकते तो व्हल्नरेबल. ती अजून झालेली नसते. गडाचा तट एका बाजूला ढासळलाय, तर गड व्हल्नरेबल. त्या भगदाडात उभा पहारेकरी एक्सपोज्ड, कारण त्याच्यापुढचा आडोसाच गेला. हातात भालाही नसेल तर तो डिफेन्सलेस. आजाराबद्दल बोलताना ‘ससेप्टिबल’ (ज्याला आजार सहज जडू शकतो असा) जास्त नेमका.

मन मोकळं करणाऱ्या माणसालाही इंग्रजीत व्हल्नरेबल म्हणतात. तिथे कृपा करून ‘दुबळा’ लिहू नका; त्याला धैर्य लागतं. ‘हळवा’ही पुरत नाही. मी ‘मन उघडं ठेवणारा’ असं लिहितो.