ट्रॉली जोडली की इंडिकेटर भरभर लुकलुकतात, हेवी ड्यूटी फ्लॅशर टाकून भागेल का?

तुमची गाडी जुनी टाटा ४०७. मागे बॉडीला दोन्ही बाजूंना एकेक जादा इंडिकेटर लावलाय, शिवाय मंडपाच्या कामाला जनरेटरची ट्रॉली ओढता. ट्रॉली जोडली की इंडिकेटर भरभर लुकलुकतात आणि दुकानदार म्हणतो, हेवी ड्यूटी फ्लॅशर टाका, काम संपलं.

भाऊ, अर्धंच संपतं. नाशिकला द्वारकेजवळ माझं गाड्यांच्या वायरिंगचंच काम आहे. उरलेलं अर्धं मी स्वतःच्या पिकअपवर भोगलंय.

आधी डॅशखालचा फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारी डबी, उपसून हातात घ्या. पत्र्याची गोल डबी असेल तर तो तापून चालणारा. आत एक पट्टी असते. करंट गेला की ती तापून वाकते, कॉन्टॅक्ट सुटतो. निवली की परत चिकटतो. बल्ब वाढवले की करंट वाढतो, पट्टी लवकर तापते, म्हणून तुमची टिकटिक पळत सुटते. ती मिनिटाला ६० ते १२० च्या आत हवी. घड्याळ लावून मोजा.

आता एका बाजूचा हिशेब. पुढचा बल्ब २१ वॅट, मागचा २१, बाजूचा ५, म्हणजे ४७ वॅट. १२ व्होल्टवर जेमतेम ४ अँपिअर. तुमचा जादा २१ आणि ट्रॉलीचा २१ धरले की ८९ वॅट, साडेसात अँपिअरच्या आसपास. चारी इंडिकेटर एकदम लावले तर १५. हा सगळा करंट फ्लॅशरमधूनच नाही, तर स्टिअरिंगखालच्या त्या म्हाताऱ्या स्विचमधून आणि कंपनीच्या बारीक वायरीतूनही जातो. फ्लॅशर मोठा केला म्हणून वायर जाड होत नाही. काळे पडलेले, वितळलेले स्विच माझ्याकडे दर महिन्याला येतात.

म्हणून ट्रॉलीला फ्लॅशरचा करंट द्यायचाच नाही. १२ व्होल्टचे चार पिनांचे दोन रिले घ्या, डाव्याला एक, उजव्याला एक. रिले म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. गाडीच्या इंडिकेटरची वायर ८६ नंबरच्या पिनेला, ८५ अर्थला, म्हणजे गाडीच्या चासीला. बॅटरीवरून १० अँपिअरच्या फ्यूजमधून ३० ला, आणि ८७ वरून ट्रॉलीकडे. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा. रिलेची कॉइल किरकोळ करंट खाते, फ्लॅशरला पत्ताही लागत नाही. बॉडीवरचे जादा दिवेही याच रिलेवर घेतले की आहे तो फ्लॅशर पुरतो. तरी बदलायचाच असेल तर इलेक्ट्रॉनिक घ्या, ४९, ४९ए आणि ३१ अशा पिनांचा. ३१ ला अर्थ जोडायला विसरू नका. पाठीवर २+१(६)×२१ असं काही छापलेलं असतं: बाजूला दोन बल्ब, ट्रॉलीचा एक, आणि चारी इंडिकेटर लावले की मिळून सहा. तुमचे दिवे मोजून घ्या, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका.

हेवी ड्यूटीची गोम वेगळीच आहे. त्यावर बल्ब किती का असेनात, टिकटिक एकाच चालीची. ऐकायला बरं वाटतं, पण एखादा बल्ब गेला तरी चाल तीच. साध्या इलेक्ट्रॉनिकवर बल्ब गेला की टिकटिक दुप्पट होते, ड्रायव्हरला लगेच कळतं. मी हौसेने हेवी ड्यूटी टाकला आणि कंप्रेसरची ट्रॉली घेऊन पावसात मुंबईला निघालो. इगतपुरीला चहाला थांबलो तर मागचा ट्रकवाला येऊन म्हणाला, ‘तुमच्या ट्रॉलीचा डावा इंडिकेटर लागतच नाही. अन् ब्रेक दाबला की मिणमिण करतो.’ डॅशवर मात्र सगळं ठणठणीत. पुढे कसारा घाट होता.

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतो म्हणजे अर्थ गेला, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. माझ्याच ट्रॉलीचा अर्थ हुकच्या पिनेतून येत होता आणि पिनेला मीच भरपूर ग्रीस फासलं होतं! अर्थ मिळेना म्हणून करंट दुसऱ्या दिव्यातून वाट काढत होता. टपरीवाल्याकडून वायरीचा तुकडा मागून चासीला बांधला तेव्हा दिवा लागला. तुम्ही पहिल्यापासूनच ट्रॉलीला वेगळी अर्थची वायर टाका, अडीच स्क्वेअर मिलिमीटरची. टोकाला थिंबल, म्हणजे धातूची कडी, दाबून, खालचा रंग खरवडून बोल्टखाली. हुकवर विसंबू नका.

एलईडी दिवे लावायचे असतील तर ऐका. पत्र्याच्या डबीवर नुसते एलईडी लावले तर पट्टी तापतच नाही, दिवे लुकलुकत नाहीत. करंट वाढवायला जोडीला रेझिस्टर लावून देणारे बरेच आहेत. तो इतका तापतो की प्लॅस्टिकला टेकला तर वितळवतो. त्यापेक्षा एलईडीवर चालणारा फ्लॅशर घ्या.

रिले घेण्याआधी बॅटरी बघा. दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेली गाडी २४ व्होल्टची असते. तशी निघाली तर करंट निम्मा धरा, पण रिले, फ्लॅशर, बल्ब सगळं २४ चंच घ्या.