पुढे काय झाले, ते कळवत जा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

लिंक्डइनवर हजारो माणसे जोडलेली असताना, नोकरी गेल्यावर पाठवलेल्या निरोपांना जेमतेम दोघांनी उत्तर दिले, यावरून स्वतःतच काही उणे असल्याचा निष्कर्ष तू काढला आहेस. तो मला मुळीच मान्य नाही. मात्र पत्रासोबत पाठवलेली तुझी जुनी संभाषणे वाचून मी अस्वस्थ झालो, आणि खरे सांगायचे तर रागावलोही. सावद्याकडच्या एका पॅकहाउसच्या, म्हणजे निर्यातीचा माल बांधणाऱ्या केंद्राच्या, व्यवस्थापकांना तू विचारले होतेस की निर्यातीच्या केळीची साल कंटेनरमध्ये काळपट का पडते. ओळखदेख नसताना त्या गृहस्थांनी सविस्तर लिहिले की तापमान साधारण १३ अंश सेल्सियसच्या खाली गेले की सालीला थंडीची इजा होते, ती लगेच दिसत नाही, माल पिकायला लागल्यावर उघडी पडते. त्यावर तुझे उत्तर काय, तर ‘थँक यू सर’ आणि जोडलेल्या हातांचे चिन्ह! त्यानंतर कित्येक महिन्यांनी एकदम बायोडेटा.

त्या माहितीवर तू आपला प्रकल्प उभा केलास, हे मला ठाऊक आहे. त्यांना ते कोणी सांगितले? ज्याच्याकडून काही घेतले त्याला पुढे काय झाले ते कळवावे, एवढेच माझे म्हणणे आहे आणि या पत्रात मी ते पुन्हा पुन्हा म्हणणार आहे.

दूरच्या ओळखीच उपयोगी पडतात, असे तुला कोणीतरी सांगितले आहे. ते खोटे नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली हे मांडले, आणि २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या, लिंक्डइनच्याच दोन कोटी वापरकर्त्यांवरील अभ्यासातही, नोकरी बदलण्यासाठी काहीशा दूरच्या ओळखी अधिक कामी येतात असे आढळले. पण ग्रॅनोव्हेटरच्या निबंधातली ती दूरची माणसे पुष्कळदा कोण होती, ते पाहा: कॉलेजातला जुना मित्र, पूर्वीचा सहकारी, पूर्वीचा मालक. भेटीगाठी विरळ झाल्या होत्या, परंतु या माणसाने कधीतरी आपल्यासोबत काही केले आहे, ही आठवण दोन्हीकडे शिल्लक होती. लिंक्डइन एका माणसाला तीस हजारांपर्यंत ओळखी जोडू देते. ही आठवण मात्र ते निर्माण करू शकत नाही. ती तुलाच निर्माण करावी लागेल, आणि तिचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे पुढे काय झाले ते कळवणे.

मी हे कोठे शिकलो, तेही सांगतो. केळीच्या बागांना सल्ला देण्याच्या कामात माझी उमेदीची वर्षे गेली. यावल तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या बागेत सीएमव्ही, म्हणजे काकडीवर्गीय पिकांवरून येणारा विषाणू, दिसला, तेव्हा रोगट झाडे उपटून नष्ट करा आणि माव्याचा, म्हणजे हा रोग पसरवणाऱ्या बारीक किडीचा, बंदोबस्त करा, असे मी सांगितले. बहुतेक लोक सल्ला घेतात आणि नाहीसे होतात, हा माणूस पुढच्या हंगामात स्वतःहून आला आणि म्हणाला, “साहेब, तुमचं सगळं केलं, तरी रोग पुन्हा आला.” मला त्याचा राग आला नाही, उलट मी त्याच्यासोबत बागेवर गेलो. शेजारच्या बांधापलीकडे काकडीचे वेल होते आणि मावा तिथून येत होता. त्यानंतर कोणत्याही बागेत पाऊल टाकण्याआधी मी चारही बाजूंचे बांध पाहू लागलो. त्या माणसाने फसलेली गोष्ट येऊन सांगितली नसती, तर मी तोच अपुरा सल्ला गावोगाव देत राहिलो असतो. रावेरपर्यंतच्या बागायतदारांकडे मला पुढे त्यानेच नेले, आणि आमचा घरोबा आजही आहे. तुम्ही तरुण मंडळी केवळ यशाचीच बातमी कळवता, तीही सगळ्या जगाला एकदम. ज्याने मदत केली त्या एकाला वेगळे लिहीत नाही.

माझ्या या हट्टाची किंमत मी मोजली आहे. एका जुन्या सहकाऱ्याने आपल्या भाच्यासाठी माझ्याकडे लिंक्डइनवरील शिफारस मागितली. त्या मुलाचे काम मी पाहिलेले नव्हते, म्हणून मी नकार दिला. दोन ओळींनी माझे काय बिघडले असते, असे घरच्यांनीही विचारले. त्या सहकाऱ्याने बोलणे सोडले, आणि जळगावात कुठे समोरासमोर आलो तरी तो नजर चुकवतो. त्याची खंत मला आहे. तरीही मी आज तीच भूमिका घेईन, कारण न पाहिलेल्या कामाबद्दल मी लिहू लागलो, तर उद्या तुझ्याबद्दल लिहिलेल्या शब्दावर कोणी का विश्वास ठेवावा? मी माणसे तोडतो असे म्हणणाऱ्यांना माझे एवढेच उत्तर आहे.

आता उगाच नव्या ओळखींच्या मागे लागू नकोस. ज्यांनी तुला कधी ना कधी खरोखर काही शिकवले, अशी पाच-सहा नावे तुझ्या त्या संभाषणांतच मला दिसली. पहिले पत्र सावद्याच्या व्यवस्थापकांना लिही. तुझ्या प्रयोगात कोणत्या तापमानाला किती दिवसांनी साल काळवंडली, त्यांचे कोणते म्हणणे पडताळून पाहता आले आणि कोणते जुळले नाही, हे आकड्यांसह लिही. न जुळलेले तर आवर्जून लिही. मराठीतच लिही, ते खिरोद्याचे आहेत. नोकरीचा विषय त्या पत्रात काढू नकोस आणि बायोडेटा जोडू नकोस.

तुझा,
काका