वाचकांचे प्रश्न : कबरीजवळचे चाक

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत गेले असताना तेथील जुन्या दफनभूमीत काही कबरींजवळ सूतकताईच्या चाकाची आकृती असलेली धातूची खूण पाहिली. ती एका स्त्रीसंस्थेची असल्याचे कळले. ही संस्था कशी उभी राहिली? माझे जावई अमेरिकन आहेत, तेव्हा नात पुढे तिची सभासद होऊ शकेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ही खूण ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’, म्हणजे ‘अमेरिकन क्रांतीच्या कन्या’ या संस्थेची आहे. आपल्याला चाक दिसले की चरखा आणि खादी आठवते. येथे मात्र ते जवसाच्या तंतूंचे सूत काढणारे घरगुती चाक आहे. त्याचे आरे १३ आहेत आणि कडेचे तारेही १३, कारण ब्रिटिशांविरुद्ध उठलेल्या वसाहती तेवढ्याच होत्या.

संस्थेचा जन्म एका नकारातून झाला. क्रांतिवीरांच्या पुरुष वंशजांनी १८८९ मध्ये आपली संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी स्त्रियांना सभासद करून घ्यायचे नाही असा ठराव केला. मेरी लॉकवुड या लेखिकेने जुलै १८९० मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’मधून त्याला उत्तर दिले, तेही हॅना आर्नेट या न्यू जर्सीच्या गृहिणीची कथा सांगून. ब्रिटिशांनी देऊ केलेली माफी पत्करावी, या विचारापर्यंत आलेल्या पुरुषांना हॅनाने भर बैठकीत शिरून खडसावले होते. देशभक्ती काय फक्त बापाकडूनच मुलाकडे जाते, हा लॉकवुड यांच्या लेखामागचा सवाल मला आजही तितकाच रास्त वाटतो. ११ ऑक्टोबर १८९० रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांच्याच निवासस्थानी १८ स्त्रिया जमल्या आणि संस्था स्थापन झाली. तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी कॅरोलाइन हॅरिसन पहिल्या अध्यक्षा झाल्या. १८९१ मध्ये शिकागोत पहिली स्थानिक शाखा निघाली.

संस्थेचे खरे काम या गावोगावच्या शाखांनीच केले, असे माझे मत आहे. सैनिकांच्या विसरलेल्या कबरी शोधणे, झिजलेल्या दगडांवरची अक्षरे उतरवून घेणे, चर्चच्या जन्म-विवाहाच्या वह्यांच्या नकला करणे, मोडकळीला आलेले एखादे जुने घर वाचवणे, ही कष्टाची आणि फारशी कौतुक न होणारी कामे त्यांनी वर्षानुवर्षे निष्ठेने केली. त्यात सर्वांत अवघड असतो तो स्त्रियांचा शोध. जुन्या दगडावर अनेकदा ‘अमुकची पत्नी’ एवढेच कोरलेले असते. माहेरचे नाव सापडले नाही की वंशावळ तेथेच तुटते. आपल्याकडचे जुने कुलवृत्तांत ज्यांनी चाळले आहेत, त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

मात्र नकारातून जन्मलेल्या या संस्थेने पुढे स्वतःच इतरांना नकार दिले, हे लिहिताना वाईट वाटते. १९३९ मध्ये थोर कृष्णवर्णीय गायिका मेरियन अँडरसन यांना संस्थेने आपले वॉशिंग्टनमधील सभागृह नाकारले. त्याच्या निषेधार्थ तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी सभासदत्व सोडले आणि ईस्टरच्या दिवशी लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर सुमारे ७५,००० श्रोत्यांसमोर अँडरसन गायल्या. डेट्रॉइटच्या कॅरन बॅचेलर या कृष्णवर्णीय स्त्रीला १९७७ मध्ये सभासदत्व मिळाले, तेव्हा त्याची देशभर बातमी झाली.

आता आपल्या नातीविषयी. वय १८ पूर्ण झाल्यावर तिला अर्ज करता येईल. क्रांतीला हातभार लावलेला तिचा पूर्वज वडिलांकडून असो वा आजी-पणजीच्या बाजूने, दोन्ही चालते. अट एवढीच की तो थेट रक्ताच्या नात्याचा असावा. त्याने बंदूकच धरलेली असावी असेही नाही. सैन्याला धान्य पुरवणारे, जखमींची शुश्रूषा करणारे, स्थानिक समितीवर काम केलेले स्त्री-पुरुषही ग्राह्य धरले जातात. प्रत्येक पिढीचा जन्म, विवाह आणि मृत्यू यांचे पुरावे मात्र जोडावे लागतात. जावयांच्या घरी जुने कौटुंबिक बायबल असेल, तर त्याच्या कोऱ्या पानांवर हाताने लिहिलेल्या नोंदी आधी पाहाव्यात, त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि त्यांच्या आजी हयात असतील तर त्यांच्या माहेरची नावे त्यांच्याकडूनच आजच लिहून घ्यावीत.