हवेचा रिपोर्ट चांगला आला, पण हातमोज्यांचं काय?

तुमचा भाऊ रंगांसाठी लागणारी मधल्या टप्प्यातली रसायनं बनवणाऱ्या (इंटरमीडिएट) प्लांटमध्ये ऑर्थो-टोल्युइडिन या रसायनाचे ड्रम रिकामे करतो. एसडीएसवर, म्हणजे रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकावर, 'कर्करोगकारक, गट १' असं लिहिलंय, आणि सेफ्टी ऑफिसर म्हणतात की हवेचा रिपोर्ट मर्यादेत आहे, काळजी नको. यातलं खरं काय धरायचं, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही खरं असू शकतं, आणि तरीही भावाला धोका असू शकतो.

गट १ म्हणजे माणसाला कर्करोग होतो याचा पुरावा पक्का आहे, एवढंच. किती मात्रेने आणि किती जणांना, हे तो गट सांगत नाही. दारू आणि ॲस्बेस्टॉस दोन्ही त्याच गटात आहेत. त्यामुळे नुसता गट वाचून नोकरी सोडायला लावू नका. रसायन अंगात कुठून शिरतंय ते आधी शोधा.

ऑर्थो-टोल्युइडिन ज्या कुळातलं आहे त्या ॲरोमॅटिक ॲमाइन्सचा मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध जुना आहे. फ्रँकफर्टचे सर्जन लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच फुक्सिन हा रंग बनवणाऱ्या कामगारांच्या मूत्राशयातल्या गाठी नोंदवल्या होत्या. पण तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडतं ते जपानच्या फुकुईमधलं प्रकरण. २०१५ च्या अखेरीस तिथल्या एका कारखान्यात मूत्राशयाच्या कर्करोगाचे अनेक रुग्ण असल्याचं पुढे आलं. तपासात हवेतलं प्रमाण मर्यादेच्या बरंच खाली निघालं, आणि तरीही शिफ्ट संपताना कामगारांच्या लघवीत ऑर्थो-टोल्युइडिन वाढलेलं होतं. ते रबरी हातमोजे सॉल्व्हंटने धुऊन पुन्हा घालत, आणि त्या सॉल्व्हंटमध्येच हे रसायन उतरलेलं होतं. म्हणजे संरक्षणासाठी दिलेला मोजाच ते दिवसभर कातडीला लावत होता. हवेचा नमुना घेणाऱ्या पंपाला हे कधीच दिसणार नाही.

म्हणून भावाला नेमकं विचारा. मोजे किती दिवसांनी बदलतात? आतून डाग पडलेत का? पंपाचं सील किंवा फिल्टर साफ करताना बाही भिजते का? कामाचे कपडे घरी धुवायला येतात का? कंपनीकडे शिफ्टच्या आधी आणि नंतर लघवीची तपासणी मागा. कातडीतून काय गेलं ते तिथे कळतं.

वार्षिक तपासणी 'नॉर्मल' आली म्हणून निश्चिंत होऊ नका. हा आजार बहुतेकदा दहा-वीस वर्षांनी किंवा त्याहून उशिरा दिसतो. लघवीतून वेदनेशिवाय रक्त गेलं, एकदाच का होईना, तर युरोलॉजिस्टकडे जायचं आणि रसायनाचं नाव स्वतःहून सांगायचं. नाहीतर मुतखडा किंवा इन्फेक्शन समजून गोळ्या मिळतात आणि वेळ जातो. बिडी-सिगारेट असेल तर सोडवाच, कारण तिनेही हाच कर्करोग होतो.

भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराच्या वैद्यकीय नोंदी ठेवणं आणि त्या त्याला पाहू देणं ही मालकाची जबाबदारी झाली. पण ठेकेदाराच्या माणसांची नोंद अनेकदा राहतच नाही, हे मला फार खुपतं. भाऊ ठेक्यावर असेल तर घरच्या वहीत लिहून ठेवा: कोणतं खातं, कोणतं रसायन, कोणत्या वर्षी.

एसडीएसचा ८ वा विभागही बघा. तिथे हातमोज्याचं मटेरियल लिहिलेलं असायला हवं. नुसतं 'योग्य हातमोजे वापरा' असेल, तर पुरवठादाराकडून त्या मोज्याचा ऑर्थो-टोल्युइडिनसाठीचा ब्रेकथ्रू टाइम, म्हणजे रसायन मोज्यातून आरपार यायला लागणारा वेळ, लेखी मागवा. मागवताना या रसायनाचा ओळख क्रमांक द्या: सीएएस नंबर ९५-५३-४.