भुरक्याच्या आवाजाने डोकं फिरतं? आधी हे वाच

अगं तू म्हणतेस बाबा चहाचा भुरका मारतात तेव्हा उठून पळावंसं वाटतं पण ढोल-ताशाचं काही वाटत नाही, म्हणजे हा बहुतेक मिसोफोनिया, हायपरॲक्युसिस नाही. हायपरॲक्युसिसमध्ये कुकरची शिट्टी, भांड्यांचा खणखणाट असले साधे आवाजही फार मोठे वाटतात, कधी कान दुखतात. आपल्या मिसोफोनियात आवाज किती मोठा हा प्रश्नच नसतो, ठराविक आवाज डोक्यात जातो, चपचप, नाक ओढणं, पेनची टिकटिक, आणि बरेचदा नेमका घरच्याच माणसाचा. मिसोफोनिया हे नाव 2001 मधलं, त्यामुळे एखाद्या डॉक्टरने ऐकलंच नसेल तर दचकू नको. तरी आधी ईएनटीकडे (कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे) जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घे, रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे "सगळे नखरे" म्हणणारच, मनावर घेऊ नको.

इअरप्लग दिवसभर घालून बसू नकोस हां, शांततेची सवय लागली की साधा पंखाही बोचायला लागतो. जेवताना पंखा फुल, रेडिओ बारीक, आणि बाबांच्या समोर नाही, शेजारी बस, कारण नुसतं तोंड हलताना दिसलं तरी आपली सटकते. सांगायचं ते भर जेवणात नाही, नंतर, आणि "तुम्ही कसे खाता" असं नाही तर "मला हा आवाज सहन होत नाही" असं. अगदीच असह्य झालं तर पाणी आणायच्या निमित्ताने ऊठ. सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) करणारा सायकॉलॉजिस्ट मिळाला तर जरूर जा. सवय व्हावी म्हणून तेच आवाज मुद्दाम ऐकत बस असं सांगणारे भेटतील, ते मात्र स्वतःच्या मनाने करू नकोस.