वजन सारखेच असताना शस्त्रक्रिया वेगळी का?

तुमचे आणि तुमच्या धाकट्या बहिणीचे वजन जवळपास सारखे असताना एकाच सर्जनांनी वजन कमी करण्यासाठी तिला स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढण्याची) आणि तुम्हाला बायपास (जठराला वळसा देण्याची) शस्त्रक्रिया का सुचवली, असे तुम्ही विचारले आहे. मला त्यात विसंगती दिसत नाही. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, प्रामुख्याने शस्त्रक्रिया करावी की नाही हे ठरवतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ३५ किंवा त्याहून अधिक बीएमआयला, इतर आजार नसले तरी, ती सुचवली जाते. कोणती करावी हे मात्र बाकीच्या शरीरावर ठरते.

तुमच्या प्रश्नातच त्याचे कारण आहे: तुम्हाला अनेक वर्षे छातीत जळजळ होते आणि आंबट पाणी घशाशी येते. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरलेल्या अरुंद नळीत दाब वाढतो आणि त्यामुळे आम्लपित्ताचा जुना त्रास बळावू शकतो. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. त्या पिशवीत आम्ल फारच थोडे तयार होत असल्याने हा त्रास बहुधा कमी होतो. म्हणूनच आधी एंडोस्कोपी (तोंडावाटे दुर्बीण घालून जठराची तपासणी) करून घ्यावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

याउलट, सांधेदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्याला किंवा धूम्रपान न सुटलेल्याला बायपासनंतर पिशवी आणि आतडे जिथे जोडले त्या ठिकाणी अल्सर होण्याचा धोका अधिक असतो. क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा) आजार असेल, किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरच्या औषधांचे शोषण बिघडून चालणार नसेल, तर स्लीव्हकडे कल असतो. अतिशय जास्त वजनात काही वेळा आधी स्लीव्ह आणि वजन उतरल्यावर आतड्याचा दुसरा टप्पा, असेही करतात.

बायपास ठरली तरी ती सर्वांची एकसारखी नसते. लहान आतड्याची लांबी माणसागणिक बरीच बदलते, त्यामुळे अन्नाच्या मार्गातून किती आतडे वगळायचे याचा विचार करावा लागतो. जास्त वगळले तर कुपोषणाची भीती असते. जुन्या शस्त्रक्रियांमुळे आतडी चिकटलेली आढळली, तर ठरलेला बेत ऐन वेळी बदलू शकतो. तसे झाल्यास काय करणार, हे आधीच विचारून ठेवा.

आणि पुढच्या भेटीत, औषध म्हणून तुम्ही मोजतही नसाल अशा डोकेदुखीच्या आणि पाठदुखीच्या गोळ्यांसह, सगळ्या गोळ्यांची यादी सर्जनांना दाखवा.